वडील नाकात काडी घालू देत नाहीत. लाळ तपासून कोरोना कळेल का?

कळतो, पण लाळ आरटीपीसीआरला, म्हणजे लॅबच्या यंत्रावर विषाणूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला गेली तर. मी निपाणीत लॅबमध्ये काम करतो. २०२१ मध्ये कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट मागायचे, तेव्हा कोल्हापूरला ये-जा करणारी माणसं काडीला अक्षरशः वैतागली होती. "थेट मेंदूतच घालतोस काय रे?" असं एका आजोबांनी मला विचारलं होतं. तेव्हा तुमच्या वडिलांचं काही चुकत नाही.

विषाणू लाळग्रंथींत वाढतो, शिवाय नाकामागून घशातही उतरतो, म्हणून तो तोंडात सापडतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लाळचाचणीला ऑगस्ट २०२० मध्येच आणीबाणीची मंजुरी मिळाली. पुढं बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा लाळेनं शंभरातले साधारण ८३ रुग्ण पकडले, नाकाच्या स्वॅबनं ८५. एवढ्या फरकापायी म्हाताऱ्या माणसाशी झटापट कशाला करायची? आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तर सलाईनच्या गुळण्यांची पद्धत काढली, देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, आयसीएमआरनं, २०२१ मध्ये ती मान्यही केली. सलाईन तोंडात घेऊन गुळणी करायची, खळखळवायचं आणि नळीत थुंकायचं, झालं.

खरी गोची आहे ती आपल्या भागातल्या तोंडांची. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. कुणाच्या गालात बार, कुणाच्या दातांना मिश्री. नळीत उतरतं ते तपकिरी पाणी, आणि असल्या नमुन्यावर यंत्र नीट उत्तर देईलच असं नाही. म्हणून आधी निदान अर्धा तास तंबाखू, चहा, पान, ब्रश काही नको. खाकरून काढलेला बेडकाही नको, तोंडात आपसूक जमलेली लाळ हवी, फेस सोडून. वयामुळं किंवा गोळ्यांमुळं तोंड कोरडं पडत असेल तर चिंचेचा विषय काढा, लाळ सुटते. चिंच खायला मात्र देऊ नका.

लॅबवाल्यांना आधी फोन करून लाळ घेता का ते विचारा. नाही म्हणाले तर घशातला स्वॅब घ्यायला सांगा; उबळ येते, पण नाकापेक्षा वडील त्याला लवकर तयार होतील. आणि मेडिकलमधून घरच्या तपासणीचं किट आणलंत, त्यावर नाकाची काडी सांगितली असेल, तर तिथं लाळ लावू नका. त्यावर रेघ उमटली काय, न उमटली काय, काहीच खरं नाही.