मार्च 2020 च्या पडझडीत शेअर बाजारातील उलाढाल तर मोठी होती. मग तरलता आटली असे का म्हणतात?

कारण उलाढाल आणि तरलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: किती शेअरांची खरेदी-विक्री झाली हे उलाढाल सांगते, तर भाव फारसा न पाडता किती शेअर विकता येतील हे तरलतेवर अवलंबून असते. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स सकाळीच 10 टक्के घसरल्याने व्यवहार 45 मिनिटे थांबवावे लागले आणि दिवसअखेर तो 3,934 अंकांनी, म्हणजे सुमारे 13 टक्क्यांनी, खाली बंद झाला. अशा दिवशी ‘मार्केट डेप्थ’ (कोणत्या भावाला किती शेअरांच्या खरेदी-विक्रीच्या बोली आहेत याची यादी) उघडून पाहिली, तर खरेदीच्या पाच बोलींपुढील शेअरसंख्या रोडावलेली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील फट रुंदावलेली दिसते. कारण एरवी दोन्ही बाजूंनी भाव लावणारे हात आखडता घेतात, मार्जिन (व्यवहारासाठी दलालाकडे ठेवावी लागणारी तारण रक्कम) वाढते आणि ज्यांना ते भरता येत नाही त्यांचे शेअर मिळेल त्या भावाला विकले जातात. ही सक्तीची विक्री उलाढाल फुगवते (म्हणूनच नुसता तो आकडा फसवा), तरलता मात्र आणखी घटवते. अर्थात हे सर्वत्र सारखे नसते: निफ्टीतील मोठ्या कंपन्यांना पडत्या भावात का होईना गिऱ्हाईक मिळते, पण लोअर सर्किट (एका दिवसातील घसरणीची कमाल मर्यादा) लागलेल्या छोट्या शेअरांत विकणाऱ्यांची नुसती रांग उरते. कमी मानांकनाच्या, म्हणजे परतफेडीची खात्री कमी असलेल्या, रोख्यांची स्थिती त्याहून बिकट होती. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने अशा रोख्यांत पैसे गुंतवलेल्या आपल्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या आणि रिझर्व्ह बँकेला म्युच्युअल फंडांसाठी 50,000 कोटी रुपयांची विशेष सुविधा जाहीर करावी लागली.