कोल्हापूरहून मालवणला समुद्रात गळ टाकायला जाताना आमिषाचे मासे कुठून घ्यावेत?

इथून मासे नेऊ नका. जाडं मीठ, चांगला आइस बॉक्स आणि धार लावलेली सुरी न्या. मासे मालवणातच घ्या.

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र डिसेंबरात मालवणला होडी ठरवून सुरमई आणि तांबोशीसाठी जाणार आहात. रंकाळ्यावर आणि पंचगंगेवर गळ टाकायची सवय आहे, समुद्र मात्र नवा. आमिष कोल्हापुरातून न्यावं का, चिलापी (तिलापिया) जिवंत नेली तर चालेल का आणि मुळात जिवंतच लागतं का, असे तीन प्रश्न आहेत. मी स्वतः कोल्हापूरचाच, या शौकापायी घाट उतरणारा. त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी चिलापी निकालात काढू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात त्याहून कितीतरी कमी. रोहू-कटल्याचं पिल्लू त्या पाण्यात सोडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते फार वेळ टिकत नाही. चिलापी चिवट, खारं पाणी बऱ्यापैकी सोसते, म्हणूनच कुणीतरी तुम्हाला ती सुचवली असणार. पण तोच तिचा दोष. परदेशातून आलेला, कुठेही तग धरणारा हा मासा गळावरून सुटला, किंवा उरला म्हणून कुणी खाडीत ओतला, तर तिथे बस्तान बसवायला कमी करत नाही. आपल्या तलावांत तिने काय केलंय ते तुम्ही बघताच. कणकेचे गोळे आणि गांडूळही घरीच राहू द्या.

आता कोल्हापूरच्या बाजारातला बांगडा. तो कोकणातून नाहीतर गोव्याकडून बर्फात घाट चढून आलेला असतो. तोच विकत घेऊन पुन्हा घाट उतरवायचा, यात पेट्रोलपेक्षा माशाचं नुकसान जास्त. रस्सा करायला तो बांगडा झकास लागेल, पण खायला ताजा आणि गळाला ताजा यात फरक आहे. होडीत, लिलावात, टेम्पोत आणि मग पाटीवर असा प्रवास झाला की मांस सैल पडतं. गळाला लावून पाण्यात सोडलं की लाटेच्या दोन हिसक्यांत निसटतं आणि तुम्ही अर्धा तास रिकामा गळ सांभाळत बसता. तारलीचं तर विचारूच नका. तिच्या पोटातले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात, त्यामुळे सगळ्यात आधी पोट फुटतं. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून नेण्याची युक्तीही फसवी. मासा हळूहळू गोठला की आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर लगदा हाती येतो. अर्धवट वितळलेला पुन्हा गोठवला तर विषयच संपला.

मग मालवणात कुठे? तीन वाटा आहेत आणि माझा क्रम ठरलेला आहे. पहिली वाट म्हणजे तुमच्या होडीचा तांडेल, होडी चालवणारा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून सांगा की तारली किंवा बांगडा, आमिषापुरता हवा. त्याला संध्याकाळी कुठली होडी लागणार, कुणाच्या जाळ्यात काय आलं हे ठाऊक असतं. तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून विचारलंत तर पर्यटक समजून खायच्या माशाचा भाव लागतो. तांडेलाने सांगितलं तर बारीक, डाग पडलेला, बाजारात कमी उठणारा मासा बाजूला ठेवला जातो, आणि गळाला तोच उत्तम. दुसरी वाट रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल तर दोराला हात लावा. मासे तिथेच, जिवंत बाहेर येतात आणि पेडवे, तारली, कधी बांगडा असा मिसळ माल असतो. ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असतात, त्यामुळे आपण हात लावला म्हणून हक्क सांगायचा नाही. पैसे देऊन, विचारून घ्यायचं. तिसरी वाट संध्याकाळच्या लिलावाची. तिथे पाटीच्या हिशेबाने बोली चालते आणि तुम्हाला लागतात तीन-चार किलो, तेव्हा पाटी घेतलेल्या मासेविक्रेत्या मावशीकडून नंतर मागून घेणं बरं. घासाघीस करू नका. त्यांच्याशी ओळख झाली की पुढच्या वेळी निरोप पाठवला तरी काम होतं.

घेताना कल्ले उघडून बघा, लाल हवेत. अंगाला खवले चिकटलेले, पोट टणक, डोळा फुगीर. चमकणारी कूस महत्त्वाची, कारण सुरमई नजरेने शिकार करते. तांबोशी आणि गोबरा मात्र खडकाच्या आसऱ्याने तळाला असतात, तिथे वासाचं काम मोठं, म्हणून तेलकट तारली किंवा बांगड्याची तुकडी. माकूल (स्क्विड) मिळाला तर थोडा नक्की घ्या. त्याला वास कमी, पण तो चिवट असल्याने छोट्या माशांनी कितीही टोचलं तरी गळावर टिकतो. लाटा जास्त असतील त्या दिवशी मी माकुलाची पट्टी आणि तिच्यावर तारलीचा तुकडा असं जोडीने लावतो.

होडी बहुधा पहाटे सुटेल. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरचे मतलई वारे असतात तोवर समुद्र शांत, दुपारनंतर खारा वारा उठला की नवख्यांचं पोट ढवळतं. म्हणजे आमिष आदल्या संध्याकाळचं, आणि रात्रभर ते कसं ठेवता यावर पुढचा सगळा दिवस अवलंबून. इथे लोक सर्रास एक गोष्ट चुकवतात, ती म्हणजे मासे थेट फोडलेल्या बर्फात टाकणं. बर्फ वितळला की मासा गोड्या पाण्यात भिजतो, फिका आणि मऊ होतो. त्यापेक्षा मासे जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, हवा काढून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात पुरा. याहून चांगली रीत म्हणजे बर्फात समुद्राचंच पाणी ओतून काला करायचा. त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं की पाणी शून्याच्याही थोडं खाली जातं आणि मासा सगळीकडून एकदम गार पडतो. थोडा खायचा सोडा घातला तर कातडीची चमक आणि खवले जास्त टिकतात, अशी शौकिनांची जुनी रीत आहे. मी सोडा घालतो. आइस बॉक्समधलं पाणी काढायचा बूच असेल तर तो बंदच ठेवा.

आणि तुमचं जाडं मीठ कशाला? राखीव साठ्याला. विकत घेतलेल्यातल्या एक किलो तारल्या किंवा बांगड्याच्या पट्ट्या एका डब्यात मिठाचा थर, माशाचा थर अशा रचून ठेवा. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, रात्रीत पट्टी चामड्यासारखी घट्ट होते आणि उन्हात होडीवर पडली तरी सडत नाही. तळाच्या माशाला ती ताज्यापेक्षा थोडी डावी, पण बॉक्सातला बर्फ दुपारी संपतो तेव्हा हाताशी तीच असते.

जिवंत लागतं का? सुरमईला, कुप्याला (ट्यूना) जिवंत बांगड्यासारखं दुसरं आमिष नाही, हे खरं. तरी पहिल्या खेपेला तुम्ही त्याच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बांगडा आणि तारली सतत पोहत राहणारे मासे. चौकोनी टाकीत कोपऱ्याला तोंड खुपसून अडकतात, म्हणून गोल पिंप लागतं. कोरड्या हाताने धरलं की खवले जातात आणि तो मासा तासाभरात आडवा होतो. पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी, त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप हवा आणि समुद्राचं पाणी सारखं बदलत राहायला हवं. गर्दी करायची नाही, मोठ्या पिंपातही थोडेच ठेवायचे. हे सगळं होडीत आधीच असेल आणि तांडेल स्वतः हौशी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा साबिकी वापरा. एका तंगुसावर (गळाच्या दोरीवर) बारीक पिसांचे पाच-सहा गळ आणि खाली शिसं. बांगड्याचा थवा वर आला की ती सोडून हलके हलके वरखाली करायची, कधी कधी प्रत्येक गळाला एक लागतो. पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात हे सगळ्यात चांगलं जमतं. दुसऱ्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या बोयांजवळ (खुणेच्या फुग्यांजवळ) मात्र साबिकी सोडू नका. जाळ्यात तंगूस अडकला की त्या माणसाचा दिवस वाया जातो आणि तुमच्यामुळे पुढच्या कोल्हापूरकरालाही शिव्या बसतात.

खाडीत बोय माशाची पिल्लं पागून (फेकजाळ्याने पकडून) आणायची हौस असेल तर कर्लीच्या मुखाशी, देवबागकडे, स्थानिक पागणारे भेटतात. बोय जिवंत राहायला बांगड्यापेक्षा सोपी आणि खाडीतल्या शिकारी माशांना आवडती. बाहेर खोल समुद्रात तिचा उपयोग कमी.

लावायची पद्धत मासा कुठला हवा त्यावर ठरते. जिवंत बांगडा होडीमागे सावकाश ओढायचा तर गळ नाकपुडीच्या पुढून, म्हणजे तो सरळ पोहतो. होडी वाऱ्यावर सोडून दिली असेल तर पाठीवरच्या पंखाच्या जरा पुढे, कण्याला न टोचता. मेलेला अख्खा बांगडा ओढताना तो गरगर फिरता कामा नये. फिरला की तंगुसाला पीळ बसतो आणि सुरमई जवळ येत नाही. तोंड शिवून किंवा तारेने बंद करा, पोटाखाली छोटं शिसं लावा, आणि वेग ताशी तीन ते पाच सागरी मैलांच्या आत. सुरमई बहुतेक वेळा मागून येऊन शेपटीकडचा भाग कापून नेते. पुढच्या गळाला अर्धा बांगडा उरतो आणि चेहरे पडतात. म्हणून तारेच्या लीडरवर (तंगूस आणि गळ यांमधल्या तुकड्यावर) मागे दुसरा गळ जोडून तो शेपटीजवळ टोचायचा. लीडर तारेचाच हवा, तिच्या दातांपुढे साध्या तंगुसाचा निभाव लागत नाही.

तांबोशीसाठी मला आवडणारी कापणी वेगळी. बांगड्याच्या दोन्ही कुशी शेपटीकडून सोडवत कल्ल्यापर्यंत आणायच्या, मधला काटा शेपटीसकट छाटून टाकायचा, डोकं तसंच ठेवायचं. गळ खालच्या-वरच्या ओठातून. दोन्ही कुशी पाण्यात फडफडतात, रक्त-तेल पसरतं. गोल वळलेला सर्कल हुक वापरत असाल तर रंकाळ्यावरची हिसका द्यायची सवय आवरा. मासा ओढायला लागला की नुसतं रील गुंडाळत ताण वाढवायचा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. डोकी, काटे, फुटलेल्या तारल्या फेकू नका. बारीक चिरून ओल्या वाळूत कालवून मुठीमुठीने सोडल्या तर वाळूच्या वजनाने चारा तळापर्यंत जातो आणि मासे होडीखाली जमतात.

कायद्याचं थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, डिसेंबरात तो प्रश्न नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे. किल्ल्याच्या आडोशाला पाणी शांत दिसतं म्हणून तिथे आमिष पकडायला जाऊ नका. होडी कुठून कुठे नेणार हे तांडेलाला आधीच विचारा. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींची किमान लांबीही ठरवून दिली आहे, तेव्हा बोटभर पिल्लं, मग ती आमिषासाठी का असेनात, विकत घेऊ नका.

शेवटचं, आणि हे गंमत म्हणून घेऊ नका. दिवसभर उन्हात होडीवर राहिलेला आमिषाचा बांगडा वाया जाऊ नये म्हणून घरी नेऊन तळायचा मोह होतो. बांगडा, कुपा, सुरमई या जातीच्या माशांत उष्णतेने हिस्टामिन तयार होतं. वास बरा असला तरी ते असू शकतं, आणि तळून, उकळून, कितीही तिखट घालून ते जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या, जुलाब असा प्रकार जेवल्यावर थोड्याच वेळात सुरू होतो. पकडलेली सुरमईसुद्धा याच कारणाने लगेच बर्फात गेली पाहिजे, फोटो नंतर. खायच्या माशाचा आणि आमिषाचा बॉक्स वेगळा ठेवा. उरलेलं आमिष मिठाच्या डब्यात भरा, झाकणाला चिकटपट्टी मारा आणि डबा गाडीत सरळ उभा राहील असा कोंबा. करूळ घाटातली वळणं तुम्हाला माहीत आहेतच.