डिग्री घेऊन कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर आलायस तर

पहिले काही दिवस टोमणे ऐकावे लागतील. ‘साहेबांचे हात बघा, लोण्यासारखे!’ मनाला लावून घेऊ नकोस. आणि मर्दानगी दाखवायला जड जॉब, म्हणजे मशीनवर चढवायचा धातूचा तुकडा, एकट्याने उचलायला तर मुळीच जाऊ नकोस. मी बावीस वर्षं लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापायच्या मशीनवर काढली, त्यातली शेवटची सहा कमरेला पट्टा बांधून.

त्या टोमण्यामागे काय असतं ते समजून घे. नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे ओळखायला ज्याने दहा वर्षं घातली, त्याला कालचा पोरगा एकेरीत हुकूम सोडतो, आणि पगार त्याच्यापेक्षा जास्त घेतो. राग खराच आहे. पण तो ‘खरा पुरुष कोण’ या भाषेत बाहेर पडतो आणि तिथेच नुकसान होतं. कानात प्लग घालणारा बायकी ठरतो! रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर काढले की ऐकणं हळूहळू जातं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी परत उगवत नाहीत. माझा उजवा कान असाच गेला.

म्हणून प्लग आधी तू घाल, काही न बोलता. मात्र लेथवर हातमोजे घाला असा फतवा काढू नकोस. जॉब पकडून फिरणाऱ्या चकमध्ये हातमोजा अडकला तर हातच ओढला जातो. आधी विचार, ‘दादा, हे असं का करता?’ उत्तर त्यांच्यासमोर वहीत लिहून घे. आणि ड्रॉइंगमधली चूक ज्याने दाखवली, त्याचं नाव रिपोर्टात घाल. माझं नाव असं एकदाच आलं होतं, अजून लक्षात आहे.