ज्युदोचा पोशाख, प्रोटीनचे डबे आणि मुलीच्या नावाची पॉलिसी

प्रश्न : पाचोऱ्यात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. वय 42. सरासरी महिन्याला 35,000 रुपये सुटतात, मात्र पावसाळ्याचे तीन महिने काम जवळपास नसते. मुलगी 14 वर्षांची, नववीत आहे, तीन वर्षांपासून ज्युदो शिकते आणि यंदा 44 किलोखालील गटात जिल्ह्यात पहिली आली. क्लासच्या सरांनी दोन परदेशी ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचे पोशाख (17,000), आणि सहा महिन्यांचे व्हे प्रोटीन, मास गेनर व बीसीएए ही अमिनो आम्लांची पुरवणी (21,000) असे 38,000 रुपयांचे पॅकेज सुचवले आहे. ते हप्त्यांवर घ्यावे की 50,000 ची एफडी मोडावी? पुढे खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागेल, म्हणून हा खर्च मी गुंतवणूक समजतो. मुलीच्या भविष्यासाठी 2022 पासून तिच्या नावाने वर्षाला 60,000 हप्त्याची, 15 वर्षांची पॉलिसी चालू आहे, त्यामुळे ती काळजी नाही. हप्ता जुलैत येत असल्याने गेल्या दोन वर्षी पत्नीची पोत गहाण ठेवून तो भरला. 2016 मध्ये काढलेले तिचे सुकन्या खाते ही पॉलिसी घेतल्यापासून बंद आहे.

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो : पॅकेज घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका. पावसाळ्यात दुकान रिकामे असते, तेव्हा ती एफडी हाच घराचा आधार आहे. मात्र ज्या गोष्टीची काळजी नाही असे आपण लिहिले आहे, खरी काळजी तिथेच आहे. म्हणून आधी पॉलिसीविषयी लिहितो.

सोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीनुसार विमा मुलीच्या आयुष्यावर आहे आणि विमा रक्कम 8 लाख रुपये आहे. वडिलांचे काही बरेवाईट झाल्यास पुढील हप्ते माफ होण्याची तरतूद तिच्यात नाही. कमावत्या माणसाच्या पश्चात त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचे जगणे थांबू नये, यासाठी आयुर्विमा असतो. आपल्या घरात मुलीच्या कमाईवर कोणीही अवलंबून नाही आणि आपल्या कमाईवर सगळे अवलंबून आहेत. तरीही आपल्या नावावर एक रुपयाचाही विमा नाही. उद्या दुकान बंद पडले, तर शिक्षण आणि ज्युदो थांबेलच, शिवाय ही पॉलिसीही हप्त्याअभावी बंद पडेल. ज्याने आईच्या अंगावरचे सोने गहाण पडेपर्यंत ही पॉलिसी चालू ठेवायला लावली आणि बापाला उघड्यावर सोडले, त्याने आपल्या घराची चौकशीच केली नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते. विक्रेते आपले साडू आहेत, हे वाचूनही माझे मत बदलत नाही.

आता हिशेब पाहू. पंधरा वर्षांत 9 लाख रुपये भरायचे आणि 2037 मध्ये 14 लाख मिळायचे, असे साडूंनी कागदावर लिहून दिले आहे. ती रक्कम पूर्ण मिळाली तरी परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या खालीच राहतो. सोनेतारणाचे व्याज आपण 12 टक्के लिहिले आहे. साडेपाच टक्के मिळवण्यासाठी बारा टक्क्यांनी कर्ज काढण्याला बचत म्हणता येणार नाही. ज्या सुकन्या खात्याचा भरणा थांबवून ही पॉलिसी घेतली, त्याचा व्याजदर 2024 च्या जानेवारीपासून 8.2 टक्के आहे आणि त्या व्याजावर कर नाही. त्या खात्यात पैसे भरायची मुदत 2031 मध्ये संपते, खाते मात्र 2037 पर्यंत चालते. हेच 60,000 रुपये 2022 पासून 2030 पर्यंत तिथे भरले असते, तर आजचा दर धरून 5 लाख 40 हजारांचे 2037 मध्ये सुमारे 13 लाख झाले असते. म्हणजे जवळपास तेवढ्याच रकमेसाठी आपण साडेतीन लाखांहून अधिक जास्तीचे भरणार आहात.

आजवर चार हप्त्यांचे 2 लाख 40 हजार भरले गेले आहेत आणि ‘इतके भरले, आता सोडायचे कसे’ हा प्रश्न आपल्या पत्रात दोनदा आला आहे. गेलेल्या पैशासाठी आणखी अकरा हप्त्यांचे 6 लाख 60 हजार घालायचे का, एवढाच निर्णय आज आपल्या हातात आहे. अशी पारंपरिक पॉलिसी चार वर्षांनंतर बंद केल्यास भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मी रक्कम परत मिळते, म्हणजे सुमारे 1 लाख 20 हजार. दुसरा मार्ग हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ करण्याचा आहे. त्यात विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते आणि पैसे 2037 मध्येच मिळतात. कंपनीच्या शाखेतून दोन्ही आकडे लेखी घ्या. बारा टक्क्यांनी पैसा अकरा वर्षांत सुमारे साडेतीन पट होतो. म्हणून पेड-अपची रक्कम आज परत मिळणाऱ्या रकमेच्या साडेतीन पटीहून कमी असेल, तर पॉलिसी बंद करा आणि आलेल्या पैशातून पोत सोडवा. आपले कर्जही 1 लाख 20 हजारांचेच आहे. पेड-अपची रक्कम साडेतीन पटीपर्यंत जाण्याची शक्यता मला फारच कमी दिसते. अर्धे पैसे बुडाल्याचे दुःख मी जाणतो, पण जुलैचा पाचवा हप्ता भरल्याने ते पैसे परत येणार नाहीत.

सुकन्या खाते पुन्हा सुरू करणे सोपे आहे. दर चुकलेल्या वर्षामागे 250 रुपयांचा किमान भरणा आणि 50 रुपये दंड, म्हणजे चार वर्षांचे 1,200 रुपये लागतात. हे काम 31 मार्चपूर्वी करा. मुलगी चौदा वर्षांची असल्याने नवे खाते आता उघडता येणार नाही, म्हणून जुने टिकवणे महत्त्वाचे आहे. दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी त्यातील निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

मोकळ्या होणाऱ्या 60,000 रुपयांची वाटणी अशी करावी. आपल्या आयुष्यावर साठ वर्षे वयापर्यंत 50 लाखांचा शुद्ध टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा) घ्यावा, त्याला तंबाखूचे व्यसन नसल्यास सुमारे 12,000 लागतील. कुटुंबाच्या 5 लाखांच्या आरोग्य विम्याला 20,000 धरा. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे ही ज्युदोतली नेहमीची दुखापत आहे आणि खासगी रुग्णालयात तिच्या शस्त्रक्रियेला लाख-दोन लाख सहज लागतात. अर्ज भरताना मुलगी स्पर्धात्मक ज्युदो खेळते हे लिहा आणि सरावातल्या व स्पर्धेतल्या दुखापती वगळलेल्या नाहीत ना, हे लेखी विचारा. सुकन्या खात्यात 20,000 आणि ज्युदोच्या पोशाखासाठी व प्रवेशशुल्कासाठी 8,000 ठेवा. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला आहे, तेव्हा कोणी तो जोडून सांगितला तर मान्य करू नका. टर्म विम्यासाठी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. दुकानाचे आयकर विवरणपत्र आपण भरत नसाल, तर ते आधी भरा, नाहीतर 50 लाखांचा विमा मिळण्यात अडचण येईल.

आता पॅकेजकडे येतो. ज्युदोत साहित्य फारच थोडे लागते : अंगावर ज्युदोगी, कमरेला पट्टा आणि बोटांना चिकटपट्टी. पडण्यापासून रक्षण मॅट करते आणि ती क्लासची जबाबदारी आहे. दोन मॅटमध्ये फट पडत असेल, तर सरांशी बोलण्याचा पहिला विषय तो आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पांढरी आणि निळी अशा दोन मान्यताप्राप्त ज्युदोगी लागतात. आपल्या मुलीसमोर आज विभागीय आणि राज्यस्तरीय शालेय स्पर्धा आहेत, त्यांच्या परिपत्रकात जे लिहिले असेल तेवढेच घ्या. वाढत्या वयात सतरा हजारांचे कपडे वर्षभरात आखूड होतील. भारतीय बनावटीची जाड विणीची एक चांगली ज्युदोगी तीन-चार हजारांत येते.

पुरवण्यांविषयी मला सर्वांत जास्त चीड आहे ती मास गेनरची. मुलीचे वजन 43 किलो आहे आणि ती 44 किलोखाली खेळते. तिला वजन वाढवणारी भुकटी देणे म्हणजे तिला तयारी नसताना वरच्या गटात ढकलणे होय, आणि त्यानंतर स्पर्धेआधी उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा दुसरा अघोरी प्रकार सुरू होतो. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तिला रोज सुमारे 65 ग्रॅम. कळण्याच्या दोन भाकरी, वाटीभर डाळ, अर्धा लिटर दूध, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे यांत ती जवळपास भरतात. सरावानंतर केळे द्या. दूध आणि अंड्यांचा वाढीव खर्च दिवसाला पन्नास रुपयांच्या आत बसतो. पोत सुटल्यावर वर्षाचे चौदा हजार रुपये व्याज वाचेल, ते बहुतांशी याच कामी येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या भुकट्या टाळाव्यात असेच सांगितले आहे. शिवाय डब्यात प्रतिबंधित द्रव्याची भेसळ निघाली, तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. त्यापेक्षा सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती नियमित घेते का, हेही विचारा. या वयातल्या मुलीचा दम कमी पडण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते.

नोकरीबाबत एवढेच : राज्यात खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या स्तरावरच्या, मान्य स्पर्धांतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. जिल्ह्यातला पहिला क्रमांक त्यासाठी पुरत नाही. मुलीला ज्युदो आवडते, एवढ्या कारणासाठी तिच्यावर वर्षाला 8,000 रुपये आणि दूध-अंडी जरूर खर्च करा. त्या खर्चाच्या बदल्यात नोकरीची अपेक्षा तिच्यावर लादू नका.

ज्युदोगी घ्यायला जाताना तिला सोबत न्या आणि एक माप मोठी घ्या, कारण सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते.