गाडी ढकलणार कोण?

मी समुपदेशक आहे, आणि नव्या आईबाबांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते सुरू झालं की पुढचं मला ठाऊक असतं. "ताई, बाळासाठी अमुक घ्यायचंय, पण चुकीचं निवडलं गेलं तर?" अमुकच्या जागी कधी पाळणा असतो, कधी कारमधली सीट, कधी पाळणाघर. अलीकडे त्या जागी बाबागाडी येऊ लागलीय, आणि तीही तीन चाकांची. ती कलंडेल का, पुढचं चाक फिरतं हवं की एका जागी घट्ट, बाळाचं तोंड कुणीकडे हवं? प्रश्न सगळे चाकांचे आणि विचारणारीला मात्र महिनोन्‌महिने झोप नाही. म्हणून एक अनुभव जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

तिला मीरा म्हणू. वय एकतीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, घर कोथरूडला, पहिली मुलगी चार महिन्यांची. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेतले सहा-सात आठवडे उरलेले. झोप येत नाही ही तिची तक्रार. बाळ रात्री शांत झोपायचं आणि ही दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर बाबागाड्या बघत बसायची. लॅपटॉप उघडून तिने मला तक्ता दाखवला. अकरा गाड्या आणि सतरा रकाने: वजन, चाकाचा व्यास, हवेचं टायर की फोमचं, घडी एका हाताने होते का, पाठ किती मागे जाते.

"रोज रात्री एक गाडी बाद करते आणि सकाळी तीच परत यादीत घेते," ती म्हणाली.

पहिल्या भेटीत मी तिला गाड्यांबद्दल मनसोक्त बोलू दिलं. माणूस ज्या विषयात अडकलाय त्याच विषयातून त्याच्याकडे जाणारी वाट असते, असं मी मानते. आणि मीराला खरोखर खूप माहीत होतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा गावी, फिल बेकलर नावाच्या पत्रकाराला आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन पळायला जायचं होतं. त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावली आणि तिथून ही तीन चाकांची जात निघाली. चाकं तीन असल्याचा फायदाही तिने मला नीट समजावला. चुलीचे दगड तीन असतात म्हणून भांडं डुगडुगत नाही, तसंच इथेही. जमीन कितीही उंचसखल असो, तिन्ही चाकं टेकलेलीच राहतात, म्हणून खडबडीत रस्त्यावर ही गाडी चारचाकीपेक्षा सुरळीत जाते. तोटाही तिला पाठ होता. पुढे एकच चाक, त्यामुळे झपकन वळवली किंवा फुटपाथवरून तिरकी उतरवली, तर भार पुढच्या कोपऱ्यावर जाऊन रिक्षासारखी कलू शकते.

"एवढं सगळं कळल्यावर अडतंय कुठे?" मी विचारलं.

"बेस्ट कोणती ते कळायलाच हवं ना! यात चूक होताच कामा नये. हे तरी मी नीट करायलाच हवं."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीतून काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार महाराष्ट्रात चांगला रुजला, आणि मला वाटतं त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. माणसाला छळतो तो त्याचा हट्टाग्रह, असं एलिस सांगतात, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो: 'च'. समोरचा बोलत असताना मी वहीत 'च' टिपत जाते, ही माझी जुनी सवय. मीराची ती तीन वाक्यं लिहून वही मी तिच्यापुढे फिरवली.

"यातले 'च' गाळून मोठ्याने वाच."

तिने वाचलं. पहिली दोन सहज गेली. तिसऱ्यापाशी ती थांबली. "हे तरी मी नीट करायला हवं." पुन्हा वाचलं. मग वर न बघता म्हणाली, "मी 'हे तरी' का म्हणाले?"

'च' मला माझ्या विचारसरणीने शिकवला होता. 'तरी' मला त्या दुपारी मीराने शिकवला. तेव्हापासून मी दोन्ही टिपते. 'हे तरी' म्हणणाऱ्या माणसाने मनात कुठेतरी धरून ठेवलेलं असतं, की दुसरं काहीतरी आपल्याकडून बिघडणार आहे किंवा बिघडलंय. त्याची भरपाई तो हाताशी असलेल्या वस्तूकडून मागतो. हे तेव्हा मी तिला सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नसतो. त्याऐवजी गाडीबद्दलच विचारलं.

"या गाड्या पळण्यासाठी निघाल्या म्हणतेस. तुमच्याकडे पळणार कोण?"

"कुणीच नाही."

"मग ढकलणार कोण?"

उत्तराला वेळ लागला. "आई. म्हणजे माझ्या सासूबाई. मी ऑफिसला गेल्यावर त्याच नेणार खाली, बागेत."

सतरा रकाने होते. एकही आजींसाठी नव्हता. मी तिला तेवढंच दाखवलं आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन यायला सांगितलं. मधल्या एका भेटीला तिचा नवरा आला होता. "घे गं कुठलीही, सगळ्या सारख्याच" हे त्याचं म्हणणं. तो ते प्रेमाने म्हणायचा, पण मीराला ते आपण एकट्या पडलोय असं ऐकू यायचं. त्यावर थोडं बोललो, आणि त्याने ते समजून घेतलं.

आजी आल्या त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. इथे सुनेची तक्रार ऐकावी लागणार, अशी त्यांची समजूत असावी. मी त्यांना तक्ता दाखवला आणि विचारलं, "काकू, तुम्हाला कुठली आवडेल?"

त्यांनी चष्मा लावून फोटो बघितले. "आमच्यात तीन चाकांचा म्हणजे पांगुळगाडा. तो मूल ढकलतं. ही मी ढकलायची ना? मग माझा हात कुठवर पोचतो, हे कुणी बघितलंय?" थोडं थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतो, वाकवत नाही. पण पोरीला सकाळच्या उन्हात न्यायला मला आवडेल. हिला वाटतं, मी ब्रेक लावायला विसरेन."

"मी असं कधी म्हणाले, आई?"

"म्हणाली नाहीस. दिसतं."

मीरा रडायला लागली. मग अडखळत जे बोलली ते मी तसंच लिहून ठेवलंय. "मी नसताना तिला काही झालं, तर निदान गाडी तरी चांगली होती, असं मला..." वाक्य तिने पूर्ण केलं नाही. आजींनी खुर्ची सरकवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी गप्प बसले. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट नक्की शिकले आहे, ती म्हणजे अशा वेळी समुपदेशकाने मध्ये यायचं नसतं.

सहा आठवडे मीरा गाडी निवडतच नव्हती. ती स्वतःच्या जागी कुणाला तरी उभं करू बघत होती. नोकरीवर परत जाणं तिच्या लेखी एक अपराध होता आणि सगळ्यात सुरक्षित गाडी ही त्या अपराधातली तिची साक्षीदार. कुठलंच चाक ते काम करू शकत नाही, म्हणून प्रत्येक गाडी सकाळी कमी पडायची. पुढच्या दोन-तीन भेटींत आम्ही गाडी बाजूला ठेवून 'मी कामाला जाते म्हणजे मी तिला टाकून जाते' या एकाच वाक्यावर बोललो. ते वाक्य तपासायला लागल्यावर तिची झोप हळूहळू सुधारली. रुखरुख पूर्ण गेली नाही, आणि ती पूर्ण जावी असा माझाही आग्रह नव्हता.

एक आक्षेप तिने शेवटपर्यंत धरून ठेवला, आणि तो रास्त होता. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांचा २००८ चा अभ्यास तिने वाचला होता. बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे असलं, की मोठी माणसं त्याच्याशी दुपटीने बोलतात, असं त्यात दिसलं. तीन चाकांच्या बहुतेक गाड्यांत मात्र बाळ रस्त्याकडे बघत बसतं. मी म्हटलं, अभ्यासात मोजलंय ते बोलणं. दर थोड्या वेळाने थांबून, पुढे येऊन, बाळाच्या नजरेत बघून बोललं, तर आसनाची दिशा आड येत नाही. आजी म्हणाल्या, "बोलणं मी थांबवते कधी?" हे मीरालाही मान्य होतं.

आता तुम्ही याच पेचात असाल, तर जे मीराला सांगितलं तेच सांगते. सगळे 'च' मी काढून टाकायला लावत नाही. काही ठिकाणी ते हवेत. दोन खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि पायांमधून असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा दर वेळी लावायचाच, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी. थांबलात की ब्रेक लावायचाच. बाळ स्वतः बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, पाठ सपाट होणारी गाडीच हवी. हँडलला भाजीची पिशवी अडकवायची नाहीच, कारण बाळाला उचललं की गाडी मागे कोसळते, कधी बाळ आत असतानाही. ऊन लागतं म्हणून वरून ओढणी किंवा दुपटं टाकून गाडी झाकू नका, आत हवा कोंडते आणि बाळ तापतं. सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही. आणि पळायचंच असेल, तर त्यासाठीच बनवलेली, पुढचं चाक घट्ट करता येणारी, मनगटात अडकवायचा पट्टा असलेली गाडी घ्या. तीही बाळ सहा-आठ महिन्यांचं होण्याआधी पळवायची नाही, आणि नंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारून.

बाकीचं सगळं आवडीचं आणि सोयीचं. त्यात सर्वोत्तम शोधू नका, आपल्या घराला चालणारं शोधा. मीराने निघण्यापूर्वी टेपने लिफ्टचं दार मोजलं, कारण या गाड्या मागून रुंद असतात. दुकानात आजींनी आसनात पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून गाडी ढकलून बघितली. हा सल्ला माझा, आणि मी तो सगळ्यांना देते. रिकामी गाडी सगळीकडे छानच चालते. ब्रेक चपलेतल्या पायाने लागतो का, तेही बघितलं. काही ब्रेक सोडवायला पायाची बोटं खाली घालून वर उचलावं लागतं, उघड्या चपलेत ते दुखतं. साडीच्या निऱ्या आणि पदर मागच्या चाकात जातात का, चालताना पाय मागच्या दांडीला लागतो का, हँडल आजींच्या उंचीला वर-खाली होतं का, हेही पाहिलं. हवेच्या टायरला धक्के कमी बसतात, पण पंक्चर काढायला कोण जाणार? त्यांनी फोमचं घेतलं. पुढचं चाक फिरतं, पण गरज पडल्यास घट्ट करता येणारं. दुसऱ्या दुकानात तासाभरात निवड झाली. तिच्या तक्त्यात ती गाडी सहाव्या नंबरवर होती.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस गाडी दोघींनी मिळून नेली. एक दिवस मीरा ढकलायची, एक दिवस आजी. ब्रेक आणि पट्टा आजींच्या हातात बसेपर्यंत असं करा, हेही मी सांगितलं होतं. त्याचा आजींपेक्षा मीराला जास्त उपयोग झाला. मागे चालत त्यांचे हात बघताना तिला दिसलं, की उतार आला की त्या आपोआप गाडी वळवून उलट्या उतरतात. हे तिच्या सतरा रकान्यांत कुठेच नव्हतं.

रजा संपल्यानंतर तीन आठवड्यांनी ती मला शेवटची भेटली. पहिल्या दिवशी ऑफिसातून तिने अकरा वाजता घरी फोन केला, आजींनी उचलला नाही. पुन्हा करायला हात शिवशिवत होते, म्हणाली. तिने फोन उलटा ठेवला आणि मीटिंगला गेली. साडेअकराला आजींचाच फोन आला.

"अगं, बागेतला चिखल बसलाय चाकांत. कशाने पुसू?"

"ओल्या फडक्याने पुसा, आई. आणि ती?"

"ती झोपलीय केव्हाची."