आजेसासरे पॅराट्रूपर होते की ग्लायडरवाले?

तुमच्या अमेरिकन आजेसासऱ्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर '३२५ ग्लायडर इन्फन्ट्री' आहे, म्हणजे ते पॅराट्रूपर होते का, असं विचारलंय. नाही. डिव्हिजन तीच, ८२ वी एअरबोर्न, म्हणजे हवेतून उतरणारी. दंडावरचं चिन्हही तेच. पण पॅराट्रूपर स्वखुशीने नाव द्यायचा आणि साध्या जवानाला त्याचे महिना ५० डॉलर जादा मिळायचे. ग्लायडरवाल्यांना, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उतरणाऱ्यांना, कोणी विचारलंच नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये लुइझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नमध्ये हुकूम निघाला आणि साधी पायदळाची ३२५ वी रेजिमेंट ग्लायडरची झाली. जादा भत्ता सुरू झाला जुलै १९४४ मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत माणसं मेल्यावर! सरकारी खातं कुठलंही असो, तऱ्हा हीच.

वाको ग्लायडर म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि पायाखाली प्लायवूड. दोन वैमानिक, १३ जवान. सी-४७ विमान नायलॉनच्या दोराने ओढत न्यायचं. दोर सोडला की इंजिन नसल्याने पुन्हा वर चढून दुसरी जागा बघायची सोय नाही. नॉर्मंडीतली शेतं लहान, भोवती मातीचे उंच बांध आणि बांधांवर झाडं. त्यात जर्मनांनी शेतांमध्ये खांब रोवलेले. ६ जून १९४४ ला १०१ व्या डिव्हिजनचे ब्रिगेडियर जनरल डॉन प्रॅट ज्या ग्लायडरमध्ये होते तो ओल्या गवतावर घसरत गेला. ब्रेक लागले, पण ग्लायडर थांबला तो बांधावर आदळूनच. प्रॅट जागीच गेले, वैमानिकाचे पाय मोडले.

३२५ वी उतरली दुसऱ्या दिवशी सकाळी. ९ जूनला मेर्देरे नदीपलीकडे, ला फिएरजवळ, तिच्या सी कंपनीची एक प्लाटून (छोटी तुकडी) कोंडीत सापडली. चार्ल्स डीग्लॉपर, साडेसहा फुटांहून उंच गडी, ऑटोमॅटिक रायफल घेऊन एकटाच रस्त्यावर उभा राहिला. गोळ्या लागल्या तरी मारा चालूच. बाकीचे तेवढ्यात मागे सरकले. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

ग्लायडरवाले प्रत्येक लढाईत ग्लायडरनेच उतरले, हा गैरसमज मात्र काढून टाका. ही रेजिमेंट लढाईत ग्लायडरने उतरली ती दोनदाच: नॉर्मंडीत, आणि हवामानामुळे रखडून २३ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमध्ये. इटलीत ती बोटीने गेली, बेल्जियममधल्या आर्डेन्सला ट्रकने. त्यामुळे आजेसासरे ग्लायडरने उतरले का हे कळायला तारखा बघा. डिस्चार्जच्या मागच्या बाजूला लढाया-मोहिमांचा आणि परदेशी रवाना झाल्याच्या तारखेचा रकाना असतो. नुसतं 'आर्डेन्स, सेंट्रल युरोप' असेल, तर ते बहुधा हॉलंडनंतर दाखल झाले.

सैनिकांच्या फायली ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये आग लागली, त्यात त्या काळातल्या सैनिकांच्या बहुतेक फायली जळाल्या. तिथून 'फाइल नाही' असं उत्तर आलं तर कंपनीचे रोजचे 'मॉर्निंग रिपोर्ट' मागवा. कोण हजर झाला, कोण जखमी, कोण इस्पितळात, हे त्यात नावानिशी सापडतं. त्यासाठी कंपनीचं अक्षर लागेल. ते डिस्चार्जच्याच कागदावर असेल, तेवढं इथे टाका.