रोज ध्यानाला बसतो, पण गावात डोंगर कापतायत. बसून राहू की ग्रामसभेत जाऊ?

दोन्ही करा. माझं उत्तर एवढंच, पण थोडं सांगतो.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. घाण उपसून झाल्यावरच देवाचं नाव. आपल्याकडे गोव्यात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह घ्या. सव्वाशे वर्षांपूर्वी तो साथीच्या काळात सुरू झाला असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे संकट आलं तेव्हा लोक टाळ घेऊन एकत्रच बसले, दारं लावून एकेकटे नाही.

मी स्वतः फोंड्याकडचा. पहिल्यांदा ग्रामसभेत बोललो तेव्हा आवाज चढला, हात थरथरले, मुद्दा राहिला बाजूला आणि भांडणच झालं. हल्ली रविवारी सभेला निघण्याआधी वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसतो. राग जात नाही हो, पण कागद नीट वाचता येतो. आणि कागदच महत्त्वाचा: नगरनियोजन कायद्याचं १७-ए कलम परवानगीशिवाय डोंगर कापू देत नाही. तेव्हा आधी परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागा. घोषणा नंतर.

२०२० मध्ये मोलेच्या जंगलासाठी तरुण पोरं उतरली, चित्रं काढली, हरकती लिहिल्या, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रात्रभर रुळांवर बसली. त्यातली किती ध्यान करत होती देव जाणे! पण रात्रभर न चिडता बसणं सोपं नसतं.

एक मात्र करा. सभेहून आल्यावर लगेच व्हॉट्सअॅप उघडू नका. हातपाय धुवा, दिवा लावा, थोडं गप्प बसा.